आला तर मी उठेन

दौतीच्या गळ्याशी शाईचा एक थेंब जमून राहिला होता. पडतही नव्हता, सुकतही नव्हता. इस्त्रीच्या टेबलावर, खळ दिलेल्या पांढऱ्या सदऱ्यापासून चार बोटांवर साहेबाने ती दौत ठेवली होती, आणि तमारचं लक्ष सारखं तिथंच जात होतं. सदरा दुसऱ्याचा. डाग पडला तर... तिने हात पुढे केला, मागे घेतला. मेलेल्या नवऱ्याच्या पेन्शनच्या चौकशीला आलेल्या माणसाची दौत आपण कशी सरकवायची?

"मावशी," साहेब म्हणाला, "हार्डी मॅटॉक्स पलटणीत होता, पाद्र्यासमोर तुमचं लग्न झालं, ते सगळं जुळतंय. आता त्याच्या आधीचं सांग."

मावशी. गोऱ्याने मावशी म्हटलं म्हणजे नातं जोडलं असं नाही, बाईसाहेब म्हणायचं टाळलं, एवढंच — असं हार्डी म्हणायचा. पण हा माणूस वाईट नव्हता. घोट घोट पाणी पीत ऐकत होता. तिने सांगितलं : आधी आयशम होता, पहिला नवरा. एकाच मळ्यावर गुलाम होतो आम्ही. त्याला धन्याने अलाबामाकडे विकला, त्याला आता अडतीस वर्षं झाली.

साहेबाने टाक थांबवला. हार्डीशी लग्न झालं तेव्हा आयशम मेलेला असेल, तर कागद सरळ आहे, तो म्हणाला. नसेल, तर तू हार्डीची बायको कशी, असं वॉशिंग्टनला कुणीतरी विचारणार, आणि मग काय होईल ते सांगता येत नाही.

"तर आयशम मेला होता, असं लिहू?"

एक शब्द. तो सकाळपासून तिने जिभेखाली धरून ठेवला होता. शेजारची डॉर्कस — तिचीही साक्ष व्हायची होती — काल कुंपणावरून बजावून गेली होती, "मेला म्हण गं. अलाबामाहून चालत निघाला असता तरी एव्हाना पोचला असता." तमार हसली होती. बोटं आता इस्त्रीच्या मुठीभोवती मिटत नाहीत. इस्त्री थांबली की चूल थांबली. डॉर्कसचं काय चुकलं?

पण कधी मेला म्हणायचं? कुठल्या महिन्यात? मळ्यावर लग्न लावणारा प्रिन्सकाका, तोही गुलामच, लग्न लावताना जपून बोलायचा... धन्याने शिकवलं होतं तसं : मरण किंवा लांबचा रस्ता तुम्हाला वेगळं करीपर्यंत. आयशमच्या वाट्याला लांबचा रस्ता आला. मरण आलं की नाही, हे काकाने सांगितलं नव्हतं.

आणि हार्डी... गुलामी मोडणारी लढाई संपून पलटणीचा निळा कोट घालून तो दारात आला तेव्हा तिने त्याला हेच सांगितलं होतं. तो म्हणाला, वर्षभर थांबू. वर्षभर तो नदीकाठच्या प्रत्येक चर्चमध्ये जाऊन कुणी आयशमला पाहिलंय का, अशी चिठ्ठी वाचून दाखवायला सांगत होता — स्वतःला वाचता येत नव्हतं — वर्ण, उंची, डाव्या भुवईवरचा व्रण. मग लग्न झालं. मग त्याने ही खुर्ची केली, जिच्यात आत्ता साहेब बसला होता, आणि पहिल्यांदा तिच्यात बसताना म्हणाला, "आला तर मी उठेन." तिला वाटलं, थट्टा. पण सत्तावीस वर्षं पायरीवर अनोळखी पाऊल वाजलं की हार्डी किंचित उठायचा. जेवता जेवता, खोकता खोकता, हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकवून, अर्धाच. कुणी मीठ मागायला आलेलं असायचं. मग तो बसायचा, आणि तिच्याकडे बघायचा नाही.

आयशम मेला होता म्हटलं, तर हार्डी कशासाठी उठत होता?

मी वाट बघत नव्हते, तिला वाटलं. कधीच सोडली होती मी. आयशमचा चेहराही नीट आठवत नाही, व्रण आठवतो तो हार्डीनेच इतक्यांदा सांगितला म्हणून... माझ्या नवऱ्याची वाट माझा नवराच बघत होता. आणि आता तो टेकडीवर, मातीत. आता कोण —

"मावशी, काय लिहू?" साहेब म्हणाला. आवाज मऊ होता. हो म्हण, असंच तो सांगत होता.

तिने तोंड उघडलं. तेवढ्यात पायरी वाजली. डॉर्कस असणार, साक्षीला. पण डॉर्कस पाय घासत चालते... हे पाऊल सरळ होतं, की तसं वाटलं? तमारला कळलं तेव्हा तिचे दोन्ही तळवे बाकावर टेकलेले होते आणि ती अर्धी उठलेली होती. गुडघ्यांत कळ होती. दाराकडे बघत ती तशीच राहिली; बसवेना, उभंही राहवेना. जिभेखालचा शब्द ती शोधत होती, आणि तो तिथे नव्हता.