चार बोटं कमी

"माप घेताना श्वासाला जागा सोड गं पोरी. गप्प उभं असलेलं अंग मापात मावतं, हसलं की उसवतं."

आईचा हा आवाज शिवणकरणीच्या कानात लहानपणापासून होता. आई माणसांचे कपडे शिवायची, ही नळांचे शिवत होती. वीजघराच्या विहिरींतून, दोन किलोमीटर खोलवरून, उकळती वाफ वर यायची आणि त्या वाफेच्या नळांना काचेच्या धाग्यांचे जाडजूड अंगरखे ही घालायची. आत धगधगता नळ, आणि वरून हात ठेवला तर ताप उतरलेल्या लेकराचं कपाळ.

आज नव्या विहिरीची वाफ वीजघराकडे सोडायची होती. झडपेचं चाक फिरवायचा मान सगळ्यात जुन्या माणसाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. पण अठरा वर्षांपूर्वी नळाला लागून त्याचा तळवा भाजला होता. निष्काळजीपणाचा शिक्का बसला, विहिरीवरचं काम सुटलं, आणि आलेल्या पाहुण्यांना वीजघर दाखवायचं काम गळ्यात पडलं. शाळेची पोरं त्याला चटकेमामा म्हणत.

आत्ताही तो पोरांना घेऊन जगाच्या नकाशापुढे उभा होता.

"हे लाल ठिपके बघा. जमिनीतल्या उबेवर वीज करणारे देश एवढ्या जगात जेमतेम तीसेक. जगाच्या विजेत शंभरातला एक वाटासुद्धा नाही आपला. पण केनियात जवळजवळ अर्धी वीज हीच! आणि सुरुवात कुठे? इटलीत. सव्वाशे वर्षांपूर्वी, पाच दिवे."

"मामा, ठिपके असे ओळीनं का?" एका मुलीनं विचारलं.

"धरणीला शिवणी आहेत, बाळा. जिथं शिवण विसविशीत, तिथून ऊब वर येते. पुढचं मला विचारू नका, शिवणीचं खातं आमच्या घरात दुसऱ्याकडे आहे!"

पोरं खिदळली. मग त्यानं नेहमीसारखा तळवा उघडला. "आणि हे माझ्या धांदरटपणाचं फळ. नळावर पुरता अंगरखा होता, तरी हात त्यापलीकडे घसरला."

दारात उभ्या शिवणकरणीनं मान खाली घातली. अठरा वर्षं हे ऐकत होती ती.

सगळे बाहेर आले. विहीर हुंकारत होती. पांढराशुभ्र लोट आभाळाला टेकला होता, आणि पायाखालची खडी बारीक थरथरत होती. एरवी कलकलणारी पोरं तोंडं उघडी टाकून उभी राहिली. नळ तापावा म्हणून पहाटेपासून त्यात थोडी थोडी वाफ सोडली होती.

लोक लोटाकडे बघत होते, शिवणकरीण नळाकडे. आधाराच्या खांबावर तिनं खडूची रेघ मारून ठेवली होती. चाळीस मीटरचा तो लोखंडी नळ, कुणी न ढकलता, रेघेपुढे चार बोटं सरकला होता. झोपेतून उठलेल्या बाळानं आळस द्यावा तसा. तिच्या अंगावर काटा आला. कुठल्या पाताळातली ऊब, आणि लोखंडाला अंग फुटतं! अंगरख्याच्या टोकाला तिनं चुण्या ठेवल्या होत्या. त्या अलगद उलगडल्या. नळ कुठे उघडा पडला नाही.

अठरा वर्षांपूर्वी मात्र चुण्या नव्हत्या. लोखंड कुठलं श्वास घेतंय, असं वाटलं होतं तिला.

"चला मामा, मान तुमचा," इंजिनिअरबाई म्हणाल्या.

"नको बाई," तळवा खिशात सारत तो हसला. "धांदरटाच्या हाती चाक नको. तरुणांपैकी कुणाला द्या."

हसला खरा, पण नजर चाकावरून हटेना. एक तरुण पुढे झाला, त्यानं चाकाला हात घातला.

"थांब रे!"

विहिरीच्या हुंकारावर आवाज काढायचा म्हणजे ओरडणंच भाग होतं. जे अठरा वर्षं स्वतःशीसुद्धा पुटपुटली नव्हती, ते शिवणकरीण ओरडून बोलली.

"यांचा हात घसरला नव्हता! अंगरखाच चार बोटं कमी होता. थंड नळाचं माप घेतलं होतं मी. यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा मी तुकडा जोडून फट बुजवली, आणि चौकशीत गप्प बसले. अहो, चूक माझी होती. हात काढा खिशातून."