बाबांच्या जागेवर गेसामावशी

बाबा गेले तेव्हा जहाजाचे सगळे पैसे भरून झाले होते.

आईच्या सत्तरीनिमित्त आम्ही पाच जण कीलच्या बंदरातून नॉर्वेला जाणार होतो. आई-बाबा, मी, माझा नवरा हाउके आणि आमची पाच वर्षांची येट्टे. बाबांनी जन्मभर कासेलमध्ये ट्राम चालवली, पण त्यांचा खरा जीव सहली आखण्यात. "विब्के, यंदाच जाऊ या," ते मला म्हणाले होते. "पोरगी एकदा शाळेत गेली की सुट्टीतलं भाडं दुप्पट. आता ती तुमच्याच खोलीत जवळपास फुकटात झोपेल." खोल्या त्यांनी बिनखिडकीच्या घेतल्या. झोपताना डोळे मिटायचेच असतात, मग खिडकीला पैसे कशाला? विमाही काढला नाही. विमा म्हणजे घाबरटांवर चालणारा धंदा, असं त्यांचं मत.

एप्रिलमध्ये कुंपणाला रंग देताना ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

प्रवास कंपनीच्या फ्राउ टीत्से आम्हाला म्हणाल्या, "आता रद्द केलंत तर फारसं काही हातात पडणार नाही. नाव मात्र बदलता येईल. पन्नास युरो."

"पन्नास युरोत माणूस बदलतो?" आईने विचारलं. बटाट्याचा भाव विचारावा तसं.

फ्राउ टीत्से गोऱ्यामोऱ्या झाल्या. "म्हणजे... नाव."

"मग गेसाचं घाला."

गेसामावशी आईची धाकटी बहीण. ग्योटिंगेनमध्ये तिचं केस कापायचं दुकान. बाबांचं आणि तिचं कधीच पटलं नाही. फोनवर ती ओरडली, "त्या चिक्कू एगर्टच्या बिछान्यात मी झोपू?"

"बिछाना जहाजाचा आहे," आई म्हणाली.

आम्ही गेलो. बाबांनी सांगून ठेवलं होतं तसंच सगळं करत गेलो, कारण वेगळं काही सुचतच नव्हतं. आदल्या दिवशीच कीलला पोहोचलो, म्हणजे गाडी उशिरा आली तरी जहाज चुकणार नाही. पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवले, कारण मोठ्या बॅगा खोलीत संध्याकाळपर्यंत येत नाहीत. नॉर्वेत बर्गनला जहाजाची महागडी सहल न घेता गावच्या बसने फिरलो. पाऊस पडत होता. येट्टेने वॅफल खाल्ला. मी डोंगरांकडे बघत होते. ते सुंदर आहेत हे मला कळत होतं, एवढंच.

आई बर्गनला उतरलीच नाही. मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ती दिवासुद्धा लावत नाही गं. जहाजाच्या नाकावर कॅमेरा आहे ना, तो टीव्हीवर लावून बसते. पाणी, पाणी आणि वर पाणी! मला वेड लागेल."

मी स्वागतकक्षात जाऊन चौकशी केली. खिडकीची एक खोली रिकामी होती, वर चारशे ऐंशी युरो पडत होते. मी आईकडे गेले. अंधारात टीव्हीचा करडा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता.

"आई, खिडकीची खोली घेऊ या. मी देते पैसे."

"कशाला? खिडकीतून बाजूचं दिसतं. यात पुढचं दिसतं."

"जेवलीस का?"

"गेसाने आणलं होतं."

मी तिच्याशेजारी बसले. जहाज चाललं होतं आणि पाणी दुभंगत होतं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मावशी दोन पाव आणि चीज कागदी रुमालात गुंडाळत होती, दुपारी बंदरावर खायला. बाबा प्रत्येक हॉटेलात हेच करायचे आणि तिने त्यावरून त्यांना आयुष्यभर टोमणे मारले होते. मध्येच तिचे हात थांबले. मग ती सगळ्यांसमोर मोठ्याने रडली. हाउकेने तिच्या हातातून पाव काढून घेतले. आई बशी घेऊन रांगेत उभी होती. तिने वळून पाहिलं, अंडं घेतलं, येऊन बहिणीच्या शेजारी बसली आणि बशी तिच्यापुढे सरकवली.

"खा आता," ती म्हणाली. "गार होईल."

त्या दुपारी आई पहिल्यांदा वर डेकवर आली. फार वेळ थांबली नाही.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही तिला शोधत होतो. पुढच्या वर्षीच्या सफरी सवलतीत विकायचं एक टेबल जहाजावर असतं, तिथे ती सापडली. सही करून झाली होती.

"एकटीची खोली?" मावशी किंचाळली. "एकटीला जवळजवळ दोघांचं भाडं लावतात हे! आणि मी?"

"तू घोरतेस."

"मी घोरते? मी?"

"एगर्टसुद्धा घोरायचा," आई म्हणाली. "पण त्याची सवय होती."

हाउके हसला, मग मावशीही. आई हसली नाही. तिने पावती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि मला विचारलं, "या वेळी विमा काढलाय. बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंस," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कीलला ढगाळ होतं. बॅगा घ्यायला मोठी रांग लागली होती. येट्टे हातातल्या पिशवीवर बसून पेंगत होती आणि आम्ही हळूहळू पुढे सरकत होतो.