कलिंगडाचा पाक आणि रविवारचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पण माझ्यातून आजवर एकही पाहुणा आत आलेला नाही. आलं ते फक्त पाणी. आर्जेंटिनात, मेंडोसाच्या द्राक्षमळ्यांच्या पाटावर मी सत्तर वर्षं कमरेइतक्या पाण्यात उभा आहे, आणि मला अजून एकदाही सर्दी झालेली नाही.

बेर्तोल्दो नावाच्या लोहाराने मला घडवलं. त्याने घण मारला की समोरच्या अँडीजवरचा बर्फ घसरून पाट भरायचा म्हणे. मी तेव्हा लहान होतो, म्हणून शपथ घेत नाही.

माझं काम सोपं. मला वर उचललं की पाणी बाल्दोमेरोसाहेबांच्या मळ्यात वळतं. मी खाली बसलो की ते सरळ पुढे, पाटाच्या शेवटी असलेल्या तळ्यात जातं. सोमवार ते शनिवार मळ्यांच्या पाळ्या. रविवारचं पाणी तळ्याचं. हे कुठल्या कागदावर नाही, पणजोबांपासून चालत आलेलं आहे. आणि एक नियम असा, की पाळी असली तरी मळ्याचा माणूस फावडं घेऊन समोर उभा राहिल्याशिवाय पाटकऱ्याने मला उचलायचं नाही. मला कुलूप असतं आणि त्याची किल्ली एकट्या पाटकऱ्याकडे. एवारिस्तो पाटकरी नियमाचा इतका पक्का, की सख्खा सासरा फावड्याऐवजी खुरपं घेऊन आला, तर त्यालाही त्याने आल्या पावली परत पाठवला.

तरुणपणी माझं फार कौतुक झालं. "थेंब गळू देत नाही पठ्ठ्या!" असं लोक म्हणत. पण सहा वर्षांपूर्वी रविवारचं पाणी तळ्यापर्यंत पोचेनासं झालं. लव्हाळी वाळली. रोहित पक्षी यायचे, वरून एक चक्कर मारायचे आणि पत्ता चुकल्यासारखे निघून जायचे. एक मासा तर पायी चालत रस्त्यापर्यंत आला होता, असं तळ्याकाठी शेळ्या पाळणारी निकासियाबाई सांगते. सगळा दोष आला माझ्यावर. "दरवाजाच गळका!" मला वर-खाली करणाऱ्या स्क्रूला तेल घालणंसुद्धा बंद झालं. खरं काय ते मला माहीत होतं. पण मित्रांनो, लोखंडाला तोंड नसतं.

मग जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, एके दुपारी निकासियाबाई खेचराची गाडी घेऊन माझ्यापाशी आली. बाल्दोमेरोसाहेब तीन मजुरांसह झाडाखाली एक वाजताच्या पाळीची वाट बघत बसले होते.

"साहेब, तळ्याकाठी सातच घरं उरलीत," ती म्हणाली. "या उन्हाळ्यात पाणी आलं नाही, तर तीही शहरात जातील. आमचं रविवारचं पाणी जातं कुठं?"

"आभाळाला विचारा, बाई. बर्फच पडत नाही. आणि हे डबडं गळतं." साहेबांनी मला काठी मारली.

"मग आजच्या पाळीतलं निम्मं तरी द्या."

"पाण्याचा हक्क लागवडीच्या जमिनीला असतो. तुमच्या बगळ्यांनी द्राक्षं लावलीत का?"

मजूर खिदळले. माझ्याजवळ उभा असलेला एवारिस्तो हसला नाही; त्याची आई तळ्याकडची.

"बरं," बाई म्हणाली, "आम्ही काय, निघालोच. जाता जाता माझ्या हातचा घास तरी खा."

गाडीतून भाजलेलं करडू निघालं, राखेत भाजलेली भाकर निघाली आणि एका गाडग्यात काळसर, दाट, गोड पाक. साहेबांना राहवेना. त्यांनी स्वतःच्या मळ्याची वाइन मागवली. चौघांनी भाकरीने गाडगं पुसून काढलं.

"वा! पाक कशाचा हो?"

"कलिंगडाचा."

इकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, की वाइन आणि कलिंगड पोटात भेटले की त्यांचा दगड होतो, आणि माणूस सूर्यास्त बघत नाही. उपाय एकच: उताणं पडायचं आणि हलायचं नाही.

"बाई! आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही आधी विचारलं नाहीत."

चौघेही धडाधड उताणे पडले. एक वाजला. वाइनला न शिवता पाटाचंच पाणी पिणारा एवारिस्तो घड्याळ बघत पुढे आला.

"साहेब, पाळी सुरू झाली. फावडं?"

"अरे, मी मरतोय!"

"मरा की. पण उभं राहून, फावडं हातात धरून मरा. नियम आहे."

"हललो तर दगड फुटेल!"

"मग पाणी पुढे."

पाणी पुढे निघालं. साहेबांच्या पोटात गुरगुरलं आणि त्यांनी डोळे मिटले. "एवारिस्तो, हे ओझं घेऊन मला वर जायचं नाही. माझ्या बुटात एक किल्ली आहे. ह्या दरवाजाची. रविवारी तुम्ही सगळे प्रार्थनेला जाता ना, तेव्हा..."

"साहेब," शेजारचा मजूर कण्हला, "मलाही सांगायचंय. तुमची ती तांबडी कोंबडी..."

"तू गपचूप मर!"

पाच वाजले. पाळी संपली. कोणीच मेलं नाही. साहेब उठून बसले, मोठा ढेकर दिला आणि हळूच म्हणाले, "मी काही बोललो का रे?"

"फार नाही, साहेब. सहा वर्षांचे रविवार, तेवढेच."

"मरताना बोललेलं जिवंत माणसाला लागू होत नाही!"

"किल्ली लागू होते का, ते बघू." एवारिस्तोने त्यांचा बूट ओढला आणि किल्ली माझ्या कुलपात घातली. लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. तीन मजूर बघत होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या पाटाला कळलं.

निकासियाबाईने हे मुद्दाम केलं का, ते मला विचारू नका. तिचा नवरा मात्र रोज वाइनबरोबर तोच पाक चाटतो, आणि चांगला ऐंशीचा आहे.

तळं काही एका रात्रीत भरलं नाही. सातातली दोन घरं तरीही गेली. पाच राहिली. रविवारचं पाणी आता तळ्याला जातं आणि एवारिस्तो माझ्या स्क्रूला तेल घालतो. मित्रांनो, तुमच्याकडेही पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचत नसेल, तर आभाळाला आणि दरवाजाला खुशाल नावं ठेवा. पण आधी किल्ली कोणाच्या बुटात आहे ते बघा. नदी जिथे संपते तिथेही कोणीतरी राहतं.

ती किल्ली निकासियाबाईने मागून घेतली आणि तळ्यात भिरकावली. एवारिस्तो सांगत होता, डुबुक असा आवाज आला आणि ती दिसेनाशी झाली. सहा वर्षांत त्या तळ्यात काही बुडालं, ते पहिल्यांदाच.