पंधरा वर्षांचं नाव

डॉक्टर विलाइफान यांच्याबरोबर मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली निदान वीस प्रयोगाच्या उंदरांनी खाल्ली. मी नर्स, माझं काम माणसांचं. पण थॅलेसेमियाच्या पोरांना रक्त चढवून झालं की बाई मागच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत जायच्या आणि मला हाक मारायच्या, "पी जुम, जरा हात द्या." पी म्हणजे ताई. मी त्यांच्याहून तीनच महिन्यांनी मोठी, पण तेवढ्या आधारावर त्यांनी मला जन्मभर राबवून घेतलं.

आमच्या उत्तरेकडे हा आजार घरोघरी. आईबापात गुपचूप बसलेला असतो, पोरात उघडा पडतो. पोराचं स्वतःचं रक्त टिकत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं. बाईंचा धाकटा भाऊ त्यातच गेला, एकोणिसाव्या वर्षी. पुढे बाई परदेशात शिकल्या, तिथले लोक राहा म्हणत असताना चिआंग माईला परतल्या. त्यांचा ध्यास एकच: पोराच्याच पेशी काढायच्या, बिघडलेल्या जनुकाची धड प्रत त्यात घालायची आणि त्या पेशी पुन्हा त्यालाच द्यायच्या. सांगायला एवढंसं. पण निधी मागायला गेल्या की समितीवाले चहा पाजून परत पाठवायचे. एकानं तर ऐकवलं, "डॉक्टर, एवढ्यात हजार पोरांना रक्त चढेल." बाई म्हणाल्या, "चढेल. आणि तीन आठवड्यांनी त्याच हजारांना पुन्हा लागेल." मी असते तर चहा त्याच्या मांडीवर ओतला असता.

बाई अठ्ठावन्न वर्षांच्या झाल्या तेव्हा परवानगी मिळाली. पहिली आली फाई. सतरा वर्षांची, काडीसारखी, आणि जिभेला हाड नाही. तिची आई बुन्रुआन हांग दोंगच्या बाजारात भाजलेलं डुकराचं मांस आणि चिकट भात विकते. बाप कधीच निघून गेलेला.

फाईच्या पेशी चार महिन्यांपूर्वी काढून परदेशी कारखान्यात पाठवल्या होत्या. त्या दुरुस्त होऊन, गोठवलेल्या पिशवीतून परत आल्या. आता नव्या पेशींना जागा हवी म्हणून हाडांतली जुनी मज्जा औषधानं पार रिकामी करायची. चार दिवस ते औषध गेलं. त्यानंतर माघार नाही.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी आणि धाकटी नर्स नोई फाईच्या खाटेशी उभ्या राहिलो. पिशवी अजून थंड टाकीतच होती. नियम असा की पिशवीच्या कागदावरचं नाव एकीनं वाचायचं, मनगटावरच्या पट्टीवरचं दुसरीनं.

मी वाचलं, "कन्निका."

नोईनं वाचलं, "पिम्पिसा."

मी पुन्हा वाचलं, तिनंही पुन्हा वाचलं. काचेपलीकडे फाईची आई कौतुकानं हसत उभी होती.

"नाव बदललं मी तिचं," ती म्हणाली. "बुधवारी."

आमच्याकडे यात जगावेगळं काही नाही. माणसाचे दिवस बरे नसले की देवळातल्या भिक्खूंना जन्मवार सांगायचा, त्यांनी दिलेलं नाव घ्यायचं आणि कचेरीत जाऊन शिक्का मारून आणायचा. भिक्खू म्हणाले, बुधवारच्या पोरीला कन्निका हे नाव जड आहे. आईनं बुधवारी शिक्का मारून आणला. गुरुवारी तो कागद इस्पितळाच्या खिडकीवर दिला. खिडकीवाल्यानं नवी पट्टी छापली, नोईनं ती बांधली. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. आणि कागदावरचं नाव आमच्यात उच्चारतं कोण? जन्मापासून ती फाई. गुरुवारी दुपारी मीसुद्धा "काय गं फाई" म्हणत ती पट्टी डोळ्यांखालून घातली होती. लाज वाटते सांगायला, पण घातली होती.

"अहो, एकदा विचारायचं तरी," मी आईवर तडकले.

"विचारायचं काय त्यात? शेजारणीनं नाव बदललं, तिला लॉटरी लागली."

"मावशी, माझी लॉटरी त्या टाकीत अडकली का?" फाईनं खाटेवरून मला विचारलं. तोंड आलेलं असूनही तिला गप्प बसवत नव्हतं.

बाईंनी कारखान्याला फोन लावला. झोपमोड झालेला तिकडचा माणूस म्हणाला, दोन नावं असतील तर पिशवी द्यायची नाही, आमची समिती मंगळवारी बसेल. इकडे फाईला ताप यायला लागलेला. मंगळवारपर्यंत तिची मज्जा तशीच रिकामी ठेवायची म्हणजे दार उघडं टाकून परगावी जाण्यासारखं. साध्या जंतूनंही ती गेली असती.

"देऊन टाका," मी बाईंना म्हटलं. "पिशवी तिचीच आहे, मला ठाऊक आहे."

"मलाही ठाऊक आहे, पी जुम. पण उद्या दुसऱ्या कुणाला असंच नुसतं ठाऊक असेल आणि पिशवी भलत्याच पोराची असेल." शिवाय यादीत आणखी एकेचाळीस पोरं होती. पहिल्याच वेळी नियम मोडला असता तर त्यांच्यासाठी दार बंद झालं असतं.

बाईंनी त्या माणसाला दुसरा प्रश्न विचारला: सरकारी कागद पुन्हा पहिल्यासारखा झाला तर? मग वरिष्ठांना उठवून त्यानं कळवलं, झाला प्रकार सगळा लिहून काढा, पेशी काढताना घेतलेले अंगठ्याचे ठसे जुळवा आणि मग द्या.

म्हणजे नाव मागे फिरवायचं. कचेरी साडेचारला बंद होते. घड्याळात एक वाजला होता.

आई तयारच होईना. व्हरांड्यातल्या बाकावर आपली बाजाराची पिशवी छातीशी धरून बसली. मी समजावलं, रागावले, शेवटी हात टेकले. मग बाई तिच्याशेजारी येऊन बसल्या.

"फाईच्या आई, काय खुपतंय?"

"वाईट रक्त मी दिलं तिला," ती खाली बघत म्हणाली. "वाईट नावही मीच दिलं. रक्त परत घेता येत नाही. नाव तेवढं घेतलं, तर तेही तुम्ही पुन्हा तिच्या गळ्यात घाला म्हणता."

मला तिच्यावर रागावल्याचं फार वाईट वाटलं.

बाई म्हणाल्या, "माझी आई हेच म्हणायची, रक्त मी दिलं. तिनं माझ्या भावाचं नाव दोनदा बदललं."

"मग?"

"गेला. नावामुळे नाही गेला. तेव्हा देण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून आई नाव देत राहिली."

बाईंनी पुढे कामाचं सांगावं तसं सांगितलं, "आणि हे बघा, एकदा नाव मागे घेतलं की पुन्हा बदलायचं नाही. पेशी दिल्यावर दर वर्षी मी तिला तपासायला बोलावणार. त्याच नावानं, पंधरा वर्षं."

"पंधरा?"

"तुम्ही सही केलीत त्या कागदात आहे."

"मी कुठे वाचला तो. तुम्ही सांगितलंत, मी सही केली." तिनं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तेव्हा ती बत्तीस."

"हो."

"कागदात तसं धरलंय? बत्तीस?"

"धरलंय."

फाई लहान असताना एका डॉक्टरनं आईला सांगितलं होतं की पोरगी वीस पाहील की नाही, शंका आहे. तेव्हापासून तिनं विसाच्या पुढे मोजलंच नव्हतं. ती बाकावरून उठली. बाजाराची पिशवी खांद्याला लावली आणि मला म्हणाली, "नुसत्या उभ्या काय, जुम? गाडी काढा तुमची."

मी गाडी काढली. कचेरीतल्या कारकुनानं कागद बघून विचारलं, परवाच तर बदललं ना? ती म्हणाली, "चुकून बदललं. शिक्का मारा."

पावणेपाचला नवी पट्टी बांधली. मी वाचलं, नोईनं वाचलं, दोन्ही नावं एकच. ठसेही जुळले. मग नियमाप्रमाणे फाईला विचारलं, तुझं नाव काय. ती म्हणाली, "कन्निका. आणि कृपा करून आता ठरवा काय ते." पिशवी वीस मिनिटांत रिकामी झाली. पेशी गोठवताना घालतात त्या औषधाला डब्यातल्या मक्यासारखा वास येतो, तो खोलीभर पसरला.

काचेशी आई उभी होती, शेजारी बाई. गुण आला की नाही ते कळायला महिने लागणार होते, हे तिला सांगितलं होतं. तरी तिनं विचारलं, "पंधराव्या वर्षीही तुम्हीच बोलावणार ना?"

सव्वीस वर्षांत बाईंनी कुठल्या आईला शब्द दिलेला मी ऐकला नव्हता. त्यांनी काचेतून फाईकडे पाहिलं.

"मी तेव्हा त्र्याहत्तरची असेन," त्या म्हणाल्या. "तिलाच यावं लागेल मला घरून आणायला."

आई हसली नाही.

"आणेल ती," म्हणाली.