न पुसलेली पाती

"बंद करा," ती माइकमध्ये म्हणाली आणि हेडफोन काढून टेबलावर आपटला.

काचेपलीकडे इंजिनाची माणसाएवढी उघडी पाती हळूहळू थांबली. पडद्यावर पुन्हा तोच आकडा होता. जुन्या इंजिनापेक्षा वीस टक्के इंधन कमी. खरं तर नाचायला हवं होतं, पण हेच इंजिन विमानाला लावून उडवलं की आकडा सतरावर यायचा. तीन महिने ती डोकं आपटत होती.

वीस गाठले तरच प्रकल्प पुढे जाणार होता आणि पैसा देणाऱ्या मंडळाचे लोक गुरुवारी चाचणी बघायला येणार होते. जवळच्या पल्ल्याच्या विमानांचा धूर आटोक्यात आणायचा म्हणून तिने या इंजिनात आठ वर्षं घातली होती. "नातवाला मिसरूड फुटलं, पण तुझ्या इंजिनाला पंख काही फुटेनात," असं सासूबाई येता-जाता म्हणायच्या.

"वैमानिकच नीट चालवत नसतील," साहेब म्हणाले.

"सगळेच? ठरवून?" ती फणकाऱ्याने उठली आणि खाली शेडमध्ये गेली.

फिटरकाका शिडीवर उभे राहून मऊ फडक्याने पाती पुसत होते. चिकटलेली चिलटं अलगद निघत होती.

"काय करताय, काका?"

"रोजचंच. चाचणीच्या पुढच्या फेरीआधी पुसून घेतो."

"प्रत्येक फेरीआधी?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्हीही पुसलीत की माझ्याबरोबर."

पुसली होती. सगळ्यांनीच पुसली होती, नवी गाडी पुसावी तशी, कौतुकाने. दिवसाला सहा-सहा फेऱ्या मारणाऱ्या विमानाची पाती कोण पुसणार होतं?

"आता हात लावू नका. आहे तशीच चालवू."

दिवसभर न पुसता फेऱ्या झाल्या. संध्याकाळी आकडा सतरावर येऊन थांबला. ते तीन टक्के चिकटलेल्या चिलटांनीच खाल्ले होते.

"म्हणजे माझ्याच हातांनी वाट लावली?" काकांनी विचारलं.

"आपण सगळ्यांनीच!" ती खेकसली. काकांनी मान खाली घातली, तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

साहेबांनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरुवारी पुसा."

"साहेब, ती फसवणूक होईल."

"स्वच्छ इंजिन दाखवणं ही फसवणूक? आधी प्रकल्प जगू दे. घाण न चिकटणारा लेप शोधायचाय ना तुला? मग त्याला पैसा कुठून आणशील?"

घरी पोचेपर्यंत ती आतल्या आत धुमसत राहिली.

गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी आली. निदान तिला तसं वाटलं होतं. कपाटातून फडकं घेऊन ती शेडमध्ये शिरली, तर शिडीच्या खालच्या पायरीवर फिटरकाका बसलेले. पात्यांवर कालची चिलटं तशीच होती.

"साहेबांनी पुसायला सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं. पण तुम्ही नको म्हणाला होतात."

मग त्यांना तिच्या हातातलं फडकं दिसलं. ते उठले, शिडी इंजिनाला नीट टेकवली आणि म्हणाले,

"चढा. मी धरतो."

ती पहिल्या पायरीवर पाय ठेवून उभी राहिली. काकांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि ते दुसरीकडे बघत होते. तिला हुंदका आवरेना. आठ वर्षं, नुसत्या तीन टक्क्यांसाठी!

बाहेर गाड्यांची दारं वाजली. साहेबांचा हसरा आवाज आला.

"शिडी बाहेर न्या, काका," ती म्हणाली. "शेड रिकामी करा."

ती धावतच वर गेली. शेड रिकामी झाल्याची खात्री केली आणि कुणाची वाट न पाहता इंजिन सुरू केलं.

पाहुण्यांना घेऊन साहेब वर आले, तेव्हा पाती पूर्ण वेगात होती. त्यांनी भुवया उंचावून, हाताने पुसल्याची खूण करून तिला विचारलं. ती पडद्याकडे बघत राहिली. फिरत्या पात्यांजवळ आता कुणालाच जाता येणार नव्हतं, तिलाही नाही.