पाण्याच्या टाकीचा पत्रा

हेर्लिंदा त्लापाले हिने उभ्या आयुष्यात कॅनव्हासवर एकही चित्र काढले नव्हते. उमेदीच्या काळात ती वामांत्ला गावच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवीत असे. कॅनव्हास परवडेना, म्हणून टाकून दिलेल्या बसगाड्यांचे दरवाजे, बॉयलरचे पत्रे, मोडक्या खाटांच्या फळ्या यांवर तिने माणसे चितारली. आता तिची ती चित्रे राजधानीतल्या संग्रहालयांत विराजमान झाली होती. त्यांतले बहुतेक पत्रे कासियानो भंगारवाल्याच्या हातगाडीवरून ती स्वतः निवडून घेई, आणि या गोष्टीचा त्याला मनोमन केवढा अभिमान! त्याच्या धाकट्या मुलीची ती बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता. म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे, ती त्याला कोम्पाद्रे. वीस वर्षे झाली, तरी दोघांत अहो-जाहोच चाले.

नव्या प्रदर्शनातील सर्वांत मोठ्या चित्रासाठी तिला जुन्या रेल्वे स्थानकाच्या टाकीचा पत्रा हवा होता.

"सगळं गाव त्या टाकीचं पाणी प्यायलंय. तेवढा मिळवाच," ती म्हणाली होती.

कासियानोने तो मिळवला. परंतु कोमाद्रेच्या दारी मळकी वस्तू न्यावी कशी? त्यांच्यात रिकामी टोपलीसुद्धा धुऊन परत करतात. वाळू, लिंबू आणि घायपाताचा काथ्या घेऊन त्याने तीन दिवस पत्रा घासला.

तिच्या अंगणात पत्रा उतरला, तेव्हा हेर्लिंदाने त्यावरून तळहात फिरवला.

"कोम्पाद्रे, गंज कुठाय?"

"काढला! एक ठिपका दाखवा, मिशी उतरवतो."

"चाळीस वर्षांचा गंज होता तो. मला तोच हवा होता."

चित्रांतला गंज ती रंगाने काढते, असेच तो बिचारा आजवर समजत आला होता! प्रदर्शनास नऊ दिवस उरले होते, आणि तशी दुसरी टाकी गावात नव्हती.

"मीठ लावून पुन्हा गंजवू का?" त्याने क्षीण स्वरात विचारले.

"नऊ दिवसांत चाळीस वर्षं? संतांनाही जमायचं नाही. घरी जा, जेवा."

पुढे आठ दिवस तो त्या गल्लीत फिरकला नाही. नवव्या दिवशी सकाळी तिचे बोलावणे आले.

चित्र भिंतीशी उभे होते. खालच्या कडेला तिने घागरी घेतलेल्या बायांची रांग काढली होती, एकेक बाई बोटाएवढी. त्यांच्या वर सारा पत्रा तसाच उघडा. घासताना त्याच्या हाताने उठवलेली हजारो अर्धवर्तुळे कोवळ्या उन्हात एकमेकांवर चढत होती. त्याने मान हलवली, तशी ती लहरली. काठोकाठ पाणी! त्याच्या आईने खांद्यावरून वाहिलेले, ते पाणी. कासियानोने चर्चमध्ये काढावी तशी टोपी काढली. मग न राहवून त्याने एक बोट पुढे केले.

"ओलं लागलं?" हेर्लिंदाने हळूच विचारले.

"नाही, कोमाद्रे," तो म्हणाला. "पण गार लागलं."