शक्य असल्यास

नऊ वर्षं मी एकाच प्रकाशकांची प्रुफं तपासते आहे. छापण्याआधी पुस्तकातल्या चुका शोधायच्या, लाल पेनाने खुणा करायच्या, गठ्ठा परत पाठवायचा. नऊ वर्षांत कागद महागला, पुस्तकं महागली, प्रकाशकांच्या खुर्चीला चाकं आली; माझा पानामागचा दर मात्र जिथल्या तिथे. दर वर्षी मी विषय काढायला जायची. "अहो, तुम्ही तर घरच्याच," ते म्हणायचे, आणि मी चहा पिऊन परत यायची.

यंदा सासूबाईंनीच मला धारेवर धरलं. "माझ्यापुढे तुझ्या तोंडाचा पट्टा चालतो, आणि तिथे बरी दातखीळ बसते! भीड भिकेची बहीण. बोलवत नसेल तर लिहून दे."

लिहिलं. पुढच्या महिन्यापासून दर दीडपट. मान्य नसेल, तर हातातलं पुस्तक शेवटचं. हे वाक्य लिहायला सगळ्यात जड गेलं, कारण माझं निम्मं काम त्यांच्याकडचंच. पण ज्या दोघींना मी हे काम शिकवलं, त्या दुसरीकडे हाच दर घेत होत्या, आणि त्यांच्या नजरेतून सुटलेल्या चुका मला दुकानात उभ्या उभ्या सापडत. याचा मला राग होता आणि तो मी कधी लपवलेला नाही.

पत्र छापून घेतलं आणि सवयीने लाल पेन हातात आलं. 'शक्य असल्यास' तीनदा. 'आपल्या सोयीने' दोनदा. 'लहान तोंडी मोठा घास घेते आहे', वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी! लोकांच्या मजकुरातला एक फालतू शब्द मी ठेवत नाही, आणि माझ्याच पत्रात हे पाल्हाळ? सटासट खोडलं. स्वच्छ प्रत काढली, सही केली आणि तपासलेल्या गठ्ठ्यात घालून पाठवून दिली.

चौथ्या दिवशी प्रकाशकांनी बोलावलं. टेबलावर माझं पत्र होतं, लालभडक. लाल खुणांच्या गठ्ठ्यात मी लाल खुणांचाच कागद घातला होता; सही केलेली प्रत घरी पडलेली. कानशिलं तापली. नको तेवढं सगळं त्यांनी वाचलं होतं.

"तीनदा लिहिलंत आणि तीनदा खोडलंत," ते हसत म्हणाले. पहिल्या 'शक्य असल्यास'खाली त्यांनी पेन्सिलीने टिंबं दिली होती. आमच्या कामात खोडलेल्या शब्दाखाली टिंबं म्हणजे खोडणं रद्द, शब्द राहू द्या. "एवढं राहू द्या. शक्य झालं की बघूच. घरच्याच तुम्ही."

मी त्या टिंबांकडे पाहत राहिले. लाज होती ती कुठच्या कुठे गेली. पर्समधून लाल पेन काढलं, तो शब्द पुन्हा खोडला आणि समासात सही केली.

"नऊ वर्षांत माझी एक तरी खूण तुम्ही फिरवलीत?"

"नाही."

"मग आजच का? आणि घरची म्हणता, तर घरचं माणूस एकदा तरी विचारतं, बाई, तुझं भागतं का?"

त्यांची खुर्ची जराशी मागे सरकली.

"दुसरं कोणी शोधायचं तर शोधा. हातातलं पुस्तक मी नीट पुरं करून देईन," म्हणून मी उठले. दारापर्यंत पोचले.

"थांबा हो."

खोडलेलं गाळून त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं. पाच ओळींचंच होतं. मग पेन्सिल उचलून त्यांनी खाली लिहायला घेतलं, जे मी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या प्रुफावर लिहिते तेच: 'छापण्यास हरकत नाही.'

मी परत आले आणि लाल पेन त्यांच्यापुढे धरलं.

"पेन्सिल खोडता येते," मी म्हटलं. "शाईने लिहा."